फाटकावरची मोजणी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना गाळलेला थोडा भाग यात पुन्हा घेतला आहे.)



कार्यकारिणीने मला विषय दिला तो असा : 'सरकारी निर्णय पुराव्यावर कसे घ्यावेत?' मी चपापलोच. मी काही अर्थशास्त्रज्ञ नाही. डिप्लोमा करून रूळ, स्लीपर आणि खडी यांच्यात वीस वर्षं काढलेला माणूस. पण सचिवांनी आग्रह धरला आणि महाप्रसादाच्या तयारीत असलेल्या काकूंनी मला बळ दिलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, आम्हीसुद्धा दरवर्षी तेच करतो की! पूर्वी अंदाजाने दोनशे पानं धरायचो, मग कधी भात उरायचा, कधी बासुंदी अपुरी पडायची. आता आदल्या वर्षीच्या कुपनांची वही काढतो." म्हटलं, झालं, विषय आपल्या घरचाच आहे.

तर आज मी मला माहीत असलेल्या एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. रेल्वेचं फाटक. त्यातही बिनचौकीदाराचं फाटक.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते आठवत असेल. कच्चा रस्ता रूळ ओलांडून जातो, ना झडप, ना दिवा, ना माणूस. रस्त्याच्या कडेला 'रुको' लिहिलेला फलक, आणि गाडीच्या ड्रायव्हरसाठी अलीकडे 'सी/फा'चा पिवळा फलक. म्हणजे शिट्टी वाजव, पुढे फाटक आहे. कायदा स्पष्ट होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३१ प्रमाणे वाहनचालकाने तिथे थांबायचं, बरोबर कोणी असेल तर त्याला खाली उतरवून दोन्ही बाजूला पाहायला लावायचं, मगच पुढे जायचं. निष्काळजीपणे ओलांडलं तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६१ खाली शिक्षा. त्यामुळे अशा फाटकावर अपघात झाला की चूक कोणाची, हे जवळजवळ आधीच ठरलेलं असायचं.

आता अशा हजारो फाटकांपैकी कुठे माणूस नेमायचा, कुठे पूल बांधायचा, हे कसं ठरवायचं? त्यासाठी रेल्वेकडे एक माप आहे, टीव्हीयू, म्हणजे ट्रेन व्हेईकल युनिट. चोवीस तासांत फाटकावरून जाणाऱ्या रेल्वेगाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. मोटार, ट्रक, बस, बैलगाडी, टांगा हे प्रत्येकी एक युनिट. सायकलरिक्षा आणि ऑटोरिक्षा अर्धं युनिट. समजा दिवसाला ४० रेल्वेगाड्या आणि दीडशे युनिट वाहनं, तर टीव्हीयू झाला ६,०००. हा आकडा एका मर्यादेच्या वर गेला की चौकीदाराचा विचार होई. एक लाखाच्या वर गेला की खर्च वाटून घेऊन रोड ओव्हरब्रिजचा विचार. दर तीन वर्षांनी ही वाहनांची मोजणी करायची, असा नियम.

माप वाईट नाही. कुठल्या आमदाराच्या गावाला फाटक मिळावं यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. दिल्लीत बसलेल्या माणसाला हजारो फाटकं एका कागदावर, एकाच मापाने दिसतात. पण त्या कागदाचं मूळ कुठे असतं? फाटकाजवळच्या झाडाखाली वही घेऊन बसलेल्या ट्रॅकमनजवळ आणि त्या वह्यांची बेरीज करणाऱ्या ज्युनियर इंजिनिअरजवळ. तो ज्युनियर इंजिनिअर एके काळी मी होतो.

ही गोष्ट २००५ ची. नोकरीची सुरुवातीची वर्षं, उत्तरेकडचा उसाचा पट्टा. सेक्शनचं नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. माझ्याकडे मोजणीचे चार-पाच फाटकांचे कागद आले. मोजणी झाली होती भर पावसात. का? कारण उन्हाळ्यात माणसं दुसऱ्या कामावर होती आणि कागद पाठवायची मुदत संपत आली होती. आता उसाच्या मुलखात पावसाळ्यात त्या रस्त्याने काय जाणार? चिखलात बैलगाडीसुद्धा रुतते. हंगाम सुरू झाला की त्याच रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रॉल्या कारखान्याला जातात. हे मला ठाऊक होतं. नियमाने मोजणी झाली होती, पण ती त्या फाटकाची नव्हती, त्या फाटकाच्या झोपेची होती.

दुसरी गोष्ट मला अजून बोचते. एका फाटकाच्या वहीत रात्रीच्या पाळीचे आकडे सलग तीन रात्री अगदी सारखे होते. चौदा, चौदा, चौदा. माणूस बसला होता की घरी झोपला होता, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. मी वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, "वर फक्त बेरीज बघतात. पण सारखे दिसतात ते वाईट दिसतं." मंडळी, मी काय केलं असेल? मी एका चौदाचे तेरा केले आणि दुसऱ्याचे सोळा. सुवाच्य अक्षरात. आणि सही केली.

त्या फाटकाचा टीव्हीयू मर्यादेच्या खाली राहिला. पुढच्या जानेवारीत, संध्याकाळी धुकं उतरायच्या वेळी, उसाच्या ट्रॉलीला तिथे गाडीने उडवलं. ट्रॅक्टर चालवणारा आणि वर बसलेला त्याचा पुतण्या, दोघेही गेले. मी जागेवर होतो. फलक होते की नाही, रस्त्याचा चढ किती, दोन्ही बाजूंनी गाडी किती अंतरावरून दिसते, ही सगळी मोजमापं मीच घेतली. ती मात्र अगदी इंचाइंचाने बरोबर घेतली, कारण त्यांची चौकशी होणार होती. निष्कर्ष निघाला की ट्रॅक्टरचालकाने थांबून पाहिलं नाही. तो खोटा नव्हता. मोजणीची वही माझ्याकडे कोणी मागितली नाही.

इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मोजणी हंगामात आणि खरीखुरी झाली असती, तर तो आकडा मर्यादेच्या वर गेला असता का? मला माहीत नाही. कदाचित तरीही खालीच राहिला असता. चौकीदार असता तर अपघात झालाच नसता, हेही छातीठोकपणे सांगता येत नाही. माणूस असलेल्या फाटकांवरही चुका होतात. मला एवढंच माहीत आहे की निर्णय ज्या आकड्यावर झाला तो आकडा मी बनवलेला होता, आणि ज्यांनी निर्णय घेतला त्यांना ते कळायला काहीच वाट नव्हती.

त्यानंतर बरीच वर्षं माझ्या डोक्यात उलटं खूळ होतं. त्या फाटकावर चौकीदार हवाच, असं मी ज्याला त्याला सांगत सुटलो. पण तेही बरोबर नव्हे. एका अपघाताने हळहळून निर्णय घेतला तर फाटक त्या गावाला मिळतं आणि त्याच्याहून धोक्याचं दुसरं फाटक, जिथे अजून कोणी मेलेलं नाही, ते तसंच राहतं. पाळ्यांनुसार दोन-तीन माणसांचा कायमचा पगार हा लहान खर्च नव्हे. आपल्याकडे दोन टोकं असतात : एक तर बेरजेवर डोळे मिटून विश्वास, नाहीतर वर्तमानपत्रातल्या फोटोवर.

या धंद्यात ज्यांनी आपल्याला शहाणं केलं त्यातले एक इथलेच, बंगालचे. प्रशांतचंद्र महालनोबिस. आपण त्यांना पंचवार्षिक योजनेचे म्हणून ओळखतो, पण त्यांची पहिली मोठी कामं पुरांची आहेत. १९२२ मध्ये उत्तर बंगालमध्ये भयंकर पूर आला. त्याचं खापर पुष्कळांनी रेल्वेच्या भरावांवर फोडलं होतं, म्हणून आमच्या जमातीला हा इतिहास माहीत असायला हवा. तज्ज्ञांचा कल असा होता की पुराचं पाणी अडवून धरायला मोठमोठे साठवण-तलाव बांधावेत. महालनोबिसांनी १८७० ते १९२२ पर्यंतच्या पावसाच्या आणि पुरांच्या नोंदी काढल्या आणि दाखवलं की या तलावांचा उपयोग होणार नाही; पाणी अडवायचं नाही, ते लवकर वाहून जाईल अशी सोय करायची आहे. पुढे १९२६ मध्ये ओरिसात ब्राह्मणी नदीला पूर आला. इंजिनिअरांचं मत पडलं की नदीचा तळ वर आला आहे, तेव्हा बांध काही फुटांनी उंच करा. पुन्हा महालनोबिसांनी साठेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. तळ वर आलेला नव्हता. वरच्या डोंगराळ पाणलोटात पाऊस जास्त पडला होता. बांध उंच करून भागणार नव्हतं, उपाय वरच्या बाजूला शोधायला हवा होता.

मला यात गंमत वाटते ती अशी की ज्या नोंदींवर हे झालं त्या तिथे आधीपासून पडून होत्या. कुठल्या तरी तहसिलात, कुठल्या तरी डाकबंगल्याच्या आवारात, एक कारकून पर्जन्यमापकातलं पाणी मोजून रोज लिहीत होता. १८८० सालच्या त्या कारकुनाला कोणी सांगितलं नव्हतं की चाळीस-पन्नास वर्षांनी तुझी वही कोणीतरी उघडणार आहे. त्याने चौदा, चौदा, चौदा लिहिलं असतं तर?

दुसरे आपले. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर देशात धान्य किती पिकतं हा जीवन-मरणाचा प्रश्न होता. शेतात ठरावीक आकाराचा तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापून वजन करायचं आणि त्यावरून एकराचा हिशेब काढायचा. तुकडा केवढा असावा? लहान तुकडा सोयीचा. काम लवकर होतं, खर्च कमी. सुखात्म्यांनी दाखवलं की लहान तुकड्यांनी उत्पन्न फुगवून येतं. १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा लेख आहे. कारण अगदी शेतातलं आहे. आखलेल्या रेषेवर जी रोपं येतात ती आत धरायची की बाहेर? कापणारा हात ती आत ओढतो. कोणी लबाडी करत नसतो, हाताला तसं वळण असतं. तुकडा मोठा असेल तर कडेच्या चार रोपांनी काही बिघडत नाही. लहान असेल तर तीच चार रोपं सगळ्या जिल्ह्याचं धान्य वाढवून दाखवतात, आणि सरकार समजतं की कोठारं भरलेली आहेत. महालनोबिसांच्या संस्थेची लहान तुकड्यांची पद्धत होती, त्यामुळे या दोघांमध्ये चांगलीच जुंपली. असो. भांडण मोजण्याच्या पद्धतीवर झालं, हेच मला फार चांगलं वाटतं. आपल्याकडे भांडणं सहसा निष्कर्षावर होतात.

आता परत फाटकावर येतो.

२०११ मध्ये डॉ. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखाली रेल्वे सुरक्षेची उच्चस्तरीय समिती नेमली गेली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये तिचा अहवाल आला. काकोडकर अणुशक्तीचे, आणि जाता जाता सांगतो, त्यांचा जन्म महाराष्ट्राबाहेरचा, मध्य प्रदेशातल्या बडवानीचा. म्हणजे आपल्यासारखाच बाहेरगावचा मराठी माणूस. या समितीने दोन गोष्टी केल्या ज्या आमच्या वह्यांमध्ये कधीच बसल्या नव्हत्या.

पहिली : रूळ ओलांडताना मरणारी माणसं. ती रेल्वे अपघाताच्या तक्त्यात येत नसत, कारण ती बेकायदा रुळावर आलेली. समितीने अंदाज दिला : वर्षाला सुमारे १५,००० माणसं, त्यातली ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर. मुंबईत ज्यांचे भाऊ-बहीण राहतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. तक्ता स्वच्छ दिसत होता, कारण व्याख्याच स्वच्छ होती.

दुसरी : कुठल्या फाटकावर माणूस नेमायचा, हा प्रश्नच समितीने बदलला. चौकीदार असो वा नसो, सगळीच फाटकं पाच वर्षांत काढून टाका, पूल किंवा भुयारी रस्ता करा, असं ती म्हणाली. खर्च अंदाजे ५०,००० कोटी. पण चौकीदारांचा खर्च वाचेल, गाड्या अडकायच्या थांबतील, आणि हा पैसा सात-आठ वर्षांत वसूल होईल, असा हिशेबही दिला. हा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्या टीव्हीयूच्या कागदावर खर्च दिसायचा, तो टाळल्याचा खर्च दिसत नसे.

पाच वर्षांत सगळं झालं का? नाही. चौकीदार असलेली फाटकं आजही आहेत. पण बिनचौकीदाराच्या फाटकांचं काम झालं. मध्ये दोन घटना अशा घडल्या की कोणाच्याही मनावरून पुसल्या जाणार नाहीत. जुलै २०१४ मध्ये तेलंगणात मेडक जिल्ह्यात शाळेची बस, आणि एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात शाळेची व्हॅन. या व्हॅनमधली तेरा मुलं गेली. वाहनमोजणीच्या कागदावर मुलांनी भरलेली बस म्हणजे एक युनिट. रिकामी बैलगाडी म्हणजेही एक युनिट. आत कोण बसलं आहे ते मापात नाही, पायी जाणारा तर मुळीच नाही, आणि वळणामुळे गाडी किती उशिरा दिसते ते या गुणाकारात नाही.

३१ जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरची सगळी बिनचौकीदाराची फाटकं बंद झाली. अशा फाटकांवरचे अपघात २००९-१० मध्ये ६५ होते. २०१४-१५ मध्ये ५०, २०१६-१७ मध्ये २०, २०१७-१८ मध्ये १०, २०१८-१९ मध्ये ३. आणि त्यानंतर शून्य. माझ्या नोकरीत मी पाहिलेला हा सगळ्यात सुंदर तक्ता आहे. मधल्या काळात 'गेट मित्र' म्हणून माणसंही फाटकांवर उभी केली होती, वाहनांना सावध करायला. त्यांच्यामुळे किती अपघात टळले आणि निव्वळ फाटकंच कमी झाल्यामुळे किती, हे या तक्त्यावरून सांगता येत नाही. चहाच्या टपरीवर आमच्यात यावर वाद होतात. सांगायचं तर काही फाटकांवर मित्र, काही तशाच फाटकांवर नाही, असं ठरवून दोन्हीकडची नोंद ठेवायला हवी होती. पण ज्या फाटकावर माणूस मुद्दाम ठेवायचा नाही त्याच्या शेजारच्या गावाला काय सांगणार? हा प्रश्न पुस्तकात सोपा आहे, जागेवर नाही.

आणि आता या यशाची दुसरी बाजू, जी सबवेखाली साचलेली आहे. माझे सहकारी हसताहेत, कारण त्यांना माहीत आहे. पुष्कळ फाटकांच्या जागी कमी उंचीचे भुयारी रस्ते झाले. स्वस्त, लवकर होणारे. पावसाळ्यात त्यातले कितीतरी भरतात. मग शाळेची मुलं काय करतात? वर चढून रूळ ओलांडतात. फाटकावरच्या अपघातांचा तक्ता शून्यच राहतो, कारण आता तिथे फाटकच नाही. रूळ ओलांडणारा पुन्हा त्या दुसऱ्या, कोणी न बघणाऱ्या वहीत गेला.

मी म्युच्युअल बदली घेऊन इकडे आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. माझ्या सध्याच्या सेक्शनमध्ये असा एक सबवे आहे. तक्रारी यायच्या : "नेहमी पाणी असतं." उत्तर जायचं : "क्वचित असतं, पंप आहे." दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आणि दोन्हींजवळ काहीच नाही. शेवटी मी सबवेच्या भिंतीवर रंगाने अर्ध्या अर्ध्या फुटाच्या रेघा मारून घेतल्या. रोज सकाळी गस्तीवरून परतताना कीमन एक आकडा लिहितो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. पंप चालू होता की बंद, तेही लिहितो. कागद दोन आण्यांचा, रंग अर्धा डबा. तीन पावसाळे झाले. नोंदी वर पाठवल्या आहेत, सोबत एक साधी विनंती : पाणी बाहेर काढायच्या नाल्याचा उतार पुन्हा तपासावा, कारण पंप चालू असलेल्या दिवशीही पाणी आहे. उत्तर अजून आलेलं नाही. मी आठवण करत असतो.

तो कीमन तरुण आहे, वहीबद्दल कंटाळत नाही. तरी मी मधूनमधून वही चाळतो, सवयच लागली आहे. गेल्या श्रावणात सलग चार दिवस एकच आकडा दिसला. अडीच फूट, अडीच फूट, अडीच फूट, अडीच फूट. मी वही मिटली, सायकल काढली आणि भर पावसात सबवेपाशी गेलो. रेघ पाहिली.

अडीच फूटच होतं.

मंडळी, आरतीची वेळ झाली आहे, आणि काकू मघापासून घड्याळ दाखवत आहेत. गणपती बाप्पा मोरया!